ट्रायपॉडवर ठेवलेला हात

दाजी गेल्याचा फोन मला दोनदा आला. पहिला आला तेव्हा मी पनवेलच्या आमच्या स्टुडिओत एका लग्नाचं एडिटिंग करत बसलो होतो. रविवार होता, दुपारचे साडेतीन वाजले असतील. जासईच्या पुढे कंटेनर यार्डांच्या मागे एक मोकळा माळ आहे, तिथे बैलगाड्यांच्या शर्यती होत्या आणि माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान हरिश्चंद्र, तिथे निकालाचा कॅमेरा लावून उभे होते. फोनवरचा माणूस रडत होता. जोडी पट्टा सोडून बाहेर आली, हरीदादा खाली सापडले, जागीच गेले, एवढंच तो बोलू शकला. मी उठून चप्पल शोधायला लागलो आणि ती पायातच होती. उरण रस्त्याला लागलो तोवर दुसरा फोन आला. हा आवाज वेगळा, दबका. "परेश, झाला ता वाईटच झाला. पन कॅमेरा चालू होता. तेवडा निकाल सांगशील काय? दोनी गावां थांबल्यात." मी गाडी बाजूला घेतली आणि त्या माणसाला आयुष्यात कोणाला दिल्या नसतील एवढ्या शिव्या दिल्या. घसा दुखेपर्यंत दिल्या. राग त्याच्यावर नव्हताच म्हणा... दाजी जिवंत असते आणि दुसरं कोणी बैलांखाली गेलं असतं, तर तासाभराने त्यांनीही हाच प्रश्न विचारला असता, हे मला माहीत होतं.

हे सात आठवड्यांपूर्वीचं. आमच्याकडच्या शर्यतीत दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात आणि पुष्कळदा एका नाकपुडीच्या फरकाने निकाल लागतो. रेघेपाशी झेंडेवाला पंच असतो, पण धुरळा, आरडाओरडा आणि दोन्हीकडचे हजारभर लोक यात एकट्या पंचाचं म्हणणं कोण ऐकणार? म्हणून दाजींच्या कॅमेऱ्याचा निकाल मानायचा, असं या पट्ट्यातल्या गावांनी ठरवून टाकलं होतं. चुन्याची रेघ तर चौथ्या शर्यतीपर्यंत खुरांखाली पुसून जाते. दाजी सकाळी रेघ ताजी असताना मातीच्या उंचवट्यावर कॅमेरा चढवून तो बरोबर तिच्यावर धरायचे, ट्रायपॉडचं हेड, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो तो वरचा फिरता भाग, आवळायचे आणि मॉनिटरच्या काचेवर मधोमध एक काळा दोरा चिकटवायचे. तिथून पुढे दिवसभर तो दोरा हीच रेघ. दोऱ्याला ज्याचं नाक आधी लागेल त्याचा गुलाल. शर्यतीच्या दिवशी दाजी कुठल्याच मंडळाचा चहा घेत नसत, घरून डबा नेत. एकदा एका शेठने खुर्चीवर शाल आणून ठेवली, तर दाजींनी ती तशीच बैलाच्या पाठीवर टाकली.

माणूस तापट होता, हे लपवून काही उपयोग नाही. मेल्यावर सगळे प्रेमळ आणि शांत होतात, आमचे दाजी तसे नव्हते. त्यांचा हात चालायचा. मी स्टुडिओत आलो त्या पहिल्याच आठवड्यात सुकापूरच्या एका हळदीत ट्रायपॉडचा मधला दांडा वर खेचून कॅमेरा उंच केला, म्हणून नवरदेवासमोर माझ्या कानाखाली आवाज काढला होता त्यांनी. मधला दांडा वर काढायचा नाही. उंची हवी तर पाय लांब कर, पाय कमी पडले तर टेबलावर चढ, पण तो दांडा वर काढलास की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायाचा होतो. हे त्यांनी मारून झाल्यावर समजावलं. एरवीही ते आधी मारायचे आणि मग समजवायचे. ताईवर मात्र कधी हात टाकला नाही, आणि टाकला असता तर ती गप्प बसणारी नव्हती.

पण शिकवायला लागले की ऐकत राहावं असे. ते तरुणपणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वेल्डर होते, त्यामुळे दुकानदार काय सांगतो, खोक्यावर काय छापलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ट्रायपॉड ते बैलासारखा पारखायचे. आधी पाय बघ, मग मान बघ, रंग शेवटी. पाय पूर्ण उघडून वरून दोन्ही हातांनी दाब द्यायचा आणि पिळायचा. पिळताना कुठलाही पाय चुकचुकला की पुढचा बघायचा. नळ्या जितक्या जाड आणि जोड जितके कमी तितकं बरं. आणि हेड? लोक हजार वेळा पाय बघतात आणि हेडला विसरतात, असं ते म्हणायचे. जड लेन्स लावली की सगळा भार पुढे जातो आणि हेड नाक खाली घालायला बघतं. त्यामुळे वजन नुसतं पेलतंय एवढं बघून चालत नाही, पुढे झुकलेलं वजन पेलतंय का ते बघायचं. कॅमेरा, लेन्स, बॅटरी, मॉनिटर, माईक, सगळं एका गोणीत घालून ते ओळखीच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायचे. जो आकडा येईल त्याच्या दुप्पट वजन जे हेड दिवसभर पेलेल तेच आपलं.

पेलतंय की नाही याची त्यांची स्वतःची परीक्षा होती. नवीन हेड पायांवर चढवायचं, त्याच्या पुढच्या टोकाला दुप्पट वजनाची लोखंडी पट्टी बांधायची, सगळे स्क्रू आवळायचे आणि हेडच्या सांध्यावरून खडूची एक सरळ रेघ मारायची. सकाळी मारलेली रेघ संध्याकाळी बघायची. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे केसभरही सरकले असतील तर हेड परत. त्यांच्या मते आवळलेलं हेड सरकतं तेव्हा ते डोळ्यांना दिसत नाही आणि हातालाही कळत नाही, म्हणून त्याला अख्खा दिवस द्यायचा.

चार वर्षांपूर्वी आमच्या जुन्या हेडमधून तेल गळायला लागलं. दाजी ताईला घेऊन देवाला गेले होते, परत येणार ते थेट शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी. मी मुंबईहून नवीन हेड आणलं. हातात धरल्यावर छान वाटलं, हलकं आणि गुळगुळीत, आणि खोक्यावर छापलेला आकडा आमच्या वजनाच्या दुप्पट होता. सकाळी मी ते पायांवर चढवलं, पट्टी बांधली, खडूची रेघ मारली. त्याच दिवशी आमच्या गावची क्रिकेट टीम उपांत्य फेरीत होती. अर्ध्या तासाने रेघ बघितली, जागच्या जागी होती. मी पट्टी सोडली, हेड पिशवीत घातलं आणि मॅचला गेलो. संध्याकाळी दाजींनी विचारलं, दिवसभर ठेवलंस? मी म्हटलं, ठेवलं होतं, रेघ हलली नाही. आम्ही हरलो होतो आणि माझं डोकं त्यातच होतं, मी त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या शर्यतीत झेंडेवाल्या पंचांनी, गणपतबाबांनी, एका जोडीसाठी झेंडा टाकला. दुसऱ्या गावाने कॅमेरा मागितला. मॉनिटरवर दोऱ्याला नाक लागलं होतं ते दुसऱ्या जोडीचं. दाजींनी चार वेळा मागे-पुढे करून बघितलं आणि निकाल फिरवला. त्यापुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. पंच विकला गेला, असं कोणीतरी ओरडलं आणि माणसं बाबांवर तुटून पडली. सत्तरीच्या घरातला माणूस, धोतर सुटलेलं, खाली पडून हात जोडत होता. त्यांच्याच हातातला झेंड्याचा बांबू हिसकावून त्यांना मारला. दाजी त्या गर्दीत शिरले, दोघांना उचलून आपटलं, एकाच्या तोंडावर कोपर मारलं, तरी बाबांपर्यंत पोचायला उशीर झाला. बाबांचा उजवा डोळा गेला. मी उंचवट्यावर कॅमेऱ्याला मिठी मारून बसलो होतो. कॅमेरा सांभाळ, असं दाजी जाताना म्हणाले होते आणि त्या वेळी मला ते सोयीचं वाटलं.

त्या संध्याकाळी दाजींनी स्टुडिओत मोठ्या पडद्यावर सकाळचं आणि दुपारचं चित्र शेजारी-शेजारी लावलं. पट्ट्याच्या पलीकडे रेघेच्या टोकाला एक बांबू पुरलेला असतो. दुपारी गर्दीत तो दिसतच नव्हता, पण चित्र थांबवून डोक्यांच्या फटीतून शोधला तेव्हा सापडला. सकाळी तो बांबू बरोबर दोऱ्यावर होता, दुपारी दोन बोटं बाजूला. हेड आवळलेलं असूनही उन्हातान्हात, हादऱ्यांनी, इतकं हळू सरकलं होतं की कोणालाच कळलं नाही. म्हणजे बाबांचा झेंडा खरा होता. दाजींनी मला विचारलं, "दिवसभर ठेवलं व्हतंस ना?" तेव्हाही मी सांगू शकलो असतो. ते मला लाथाबुक्क्यांनी तुडवतील याची भीती होती आणि त्याहून जास्त भीती होती ती ताईला कळेल याची. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग आवळतान माजाच हात कमी पडला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन्ही गावांसमोर जाऊन उभे राहिले. मी नको म्हणत होतो, ताईने दाराला कडी घातली होती, ती काढून गेले. कॅमेरा चुकला, बाबा खरे होते, हेड मी आवळलं होतं, दोष माझा, एवढी चारच वाक्यं ते बोलले. जे खरे जिंकले होते त्यांनी गुलाल गेला म्हणून मारलं आणि ज्यांनी गुलाल उडवला होता त्यांनी तो काढून घेतला म्हणून मारलं. आदल्या दिवशी एकमेकांची डोकी फोडणारी दोन गावं त्या सकाळी एक झाली. दाजींनी, ज्यांचा हात कोणावरही उठायचा त्यांनी, एकालाही उलट मारलं नाही. तीन बरगड्या, डाव्या हाताची दोन बोटं आणि खालचे दोन दात. हॉस्पिटलात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो आणि ते तुटलेल्या तोंडाने मला सांगत होते की पुढचं हेड आपण दोन दिवस ठेवू...

पुढचं हेड त्यांनी विकत घेतलंच नाही. कळंबोलीच्या जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये बसून त्यांनी स्वतः ट्रायपॉड केला. जाड लोखंडी नळ्या, पायांना जमिनीत ठोकायचे टोकदार खिळे, वर मशीनच्या भंगारातली एक फिरती बैठक, तिला चार बाजूंनी बोल्ट. दोन माणसांनी उचलायचा प्रकार. त्यावर कॅमेरा चढवला की मी त्याला धावत येऊन खांदा मारला तरी मॉनिटरवरचं चित्र हलत नसे, आणि दाजींनी मला तसे खांदे मारायला लावलेसुद्धा. दुसऱ्याच वर्षी गावांनी त्यांना परत बोलावलं. स्वतःचा निकाल चुकला हे मार खाऊन सांगणारा दुसरा माणूस त्यांना कुठे मिळणार होता? पण एक गोष्ट बदलली. पूर्वी दाजी, आणि कुठलाही शहाणा कॅमेरावाला, हेड आवळून दहा पावलं मागे सरकायचे. बैलांचा भरवसा नसतो. आता ते शर्यत सुटल्यापासून संपेपर्यंत उजवा हात हेडवर ठेवून उभे राहायला लागले. सरकलं तर हाताला कळेल म्हणायचे. हाताला कळत नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी एकदा म्हटलं, दाजी, हा ट्रायपॉड रणगाडा आहे, हात कशाला? ते म्हणाले, "मागच्या वेळेस पन दिवसभर ठेवलं व्हतं ना." मी तिथून उठून बाहेर गेलो.

शेवटच्या शर्यतीचं चित्र मी तिसऱ्या दिवशी बघितलं. एकट्याने, दार लावून. जोड्या रेघ ओलांडतात, अलीकडच्या जोडीचा डावा बैल बुजतो आणि छकड्यासकट सगळं कॅमेऱ्याच्या दिशेने वळतं. लोक ओरडतात, "हरीदादा, सोडा, पला!" बैल मोठे होत जातात. वेळ होता... मी मोजलेला नाही आणि मोजणार नाही, पण दोन पावलं मागे सरायला पुष्कळ वेळ होता. बैल ट्रायपॉडला हातभर चुकवून जातात आणि छकड्याचं चाक दाजी उभे होते तिथून जातं. दाजी चित्रात कुठेच नाहीत, कॅमेऱ्याच्या मागे होते ते. त्यांचा फक्त एक श्वास ऐकू येतो. आणि चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही हलत नाही. त्या ट्रायपॉडला त्यांच्या हाताची गरज नव्हती. तो हात माझ्या एका खोट्यामुळे तिथे होता.

निकाल अगदी साफ होता. मी फोन करून कळवला. ऐकलं की जिंकलेल्या गावाने गुलाल उडवला नाही, पण हे मला नुसतं बरं वाटावं म्हणून सांगितलेलं असू शकतं.

दाजींचं दिवसकार्य झाल्यावर मी ताईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. क्रिकेटची मॅच, अर्धा तास, खडूची रेघ, दोनदा बोललेलं खोटं, हेडवरचा हात, सगळं. ती ऐकताना निवडत राहिली, आणि मग तिने समोरचं सूप उचलून माझ्या तोंडावर मारलं. तांदूळ घरभर झाले. मग हाताने मारलं, मग पायातली चप्पल काढून मारलं. माझी पंचावन्न वर्षांची बहीण, तिचा बांगड्यांविना हात माझ्या डोक्यावर, पाठीवर, तोंडावर पडत होता आणि मी हात वर केले नाहीत. दमली तेव्हा भिंतीला टेकून बसली. म्हणाली, मला सांगून काय होनार? बाबांना जाऊन सांग. आणि पेपरवाले त्यांच्यावर लेख लिव म्हणतात ना, तर हे लिव, तुझ्या दाजींचं गुणगान नको. म्हणून हे लिहितोय. ओठाला टाका पडला होता, तो गेल्या आठवड्यात काढला.

गणपतबाबा माळाच्या अलीकडच्या गावात राहतात. मी गेलो तेव्हा ओट्यावर बसले होते. उजव्या डोळ्याच्या जागी कातडी ओढून शिवलेली आहे, ती मी पहिल्यांदाच जवळून बघितली. चार वर्षांत मी एकदाही तिकडे फिरकलो नव्हतो. मी कोण ते सांगितलं आणि उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. सून दारात येऊन थांबली होती, तिच्याकडे न बघता बाबा म्हणाले, "तुजा दाजी दर सोमवारी यायचा. चार वर्सां. त्या पायरीवर बसायचा. मी त्याला एक सबूद बोललो नाय, ये पन नाय आन जा पन नाय. मेला तवा मातीला पन गेलो नाय." मग म्हणाले, "चुकीच्या मानसाशी अबोला धरला मी."

मला वाटलं आता ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी बोटाने खालची पायरी दाखवली. मी बसलो. बाबा उठले, भिंत चाचपत आत गेले आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने सुनेने ते किलकिलं करून पाण्याचा तांब्या माझ्या शेजारी ठेवला. हरीदादा एवढंच घ्यायचे, म्हणाली. किती वेळ बसायचे, मी विचारलं. पाऊण तास, कधी तास. मी तासभर बसलो. त्यानंतरचे दोन सोमवारही जाऊन आलो. बाबा बाहेर आलेले नाहीत.